बोटांच्या कडेचे ठिपके

कंपाउंडरकाकांच्या आयुष्यात दोन हिरवे रंग आले. पहिल्यानं त्यांना घाबरायला शिकवलं आणि दुसऱ्यानं निर्धास्त केलं.

पहिला हिरवा काचेच्या नळीतला. काका तेव्हा चौदा वर्षांचे होते आणि त्यांच्या धाकट्या भावाला दहाव्या वर्षीच साखरेचा आजार जडला होता. बोटातून थेंब काढून आकडा सांगणारं यंत्र त्या काळी घरात कुठलं असायला? निळं औषध नळीत घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे, नळी चिमट्यात धरून स्पिरिटच्या दिव्यावर उकळायची आणि रंग बघायचा. निळा तो निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा झाला तर थोडी आली. मग पिवळा, मग नारिंगी, आणि शेवटी भाजलेल्या विटेसारखा लाल. आईला चुलीच्या धुरानं रंग नीट ओळखू येत नसत, म्हणून नळी उकळायचं काम थोरल्याकडे. तो रंग सांगायचा आणि आई त्यावरून सुई भरायची.

लाल रंग आला की धाकट्याचं खेळणं बंद, मित्रांकडे जाणं बंद, आणि वर एक जादा सुई. एकदा त्यानं दारामागून हळूच म्हटलं, "दादा, आज निळं सांग ना. उद्या सामना आहे."

दादानं निळं सांगितलं. दुसऱ्या दिवशीही सांगितलं. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी धाकटा उठला नाही. त्याच्या श्वासाला सडक्या फळासारखा गोड वास येत होता. एवढंच काकांना त्या दिवसातलं नीट आठवायचं. ती तीन निळी त्यांनी आईला सांगितली नाहीत. आई गेली तरी सांगितली नाहीत. बायकोला सांगितली नाहीत, आणि तीही एक दिवस गेली.

म्हणून असेल कदाचित, पण ते कंपाउंडर झाले आणि त्या छोट्या दवाखान्यात एकतीस वर्षं टिकले. आधी ते बाटल्यांत लाल-पिवळी औषधं भरायचे आणि कागदाच्या पट्टीला कात्री मारून मात्रेच्या खुणा चिकटवायचे. पुढं औषधं कारखान्यातूनच बंद होऊन येऊ लागली आणि काकांच्या हाताला काम उरलं नाही. खिडकीशी बसून गोळ्यांची पाकिटं मोजायची आणि सोमवारी साखरेच्या मुलांच्या वह्या बघायच्या, एवढंच. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. तेवढ्यात नवीन डॉक्टरबाई आल्या आणि त्यांनी काकांच्या टेबलावर संगणकाचा एक पडदा आणून ठेवला.

"हे कशाला?" काकांनी विचारलं.

"आपल्याकडे साखरेची अकरा तरुण मुलं आहेत. ती आता तुम्ही यावरून सांभाळायची."

"बाई, मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"तुम्हाला मुलं कळतात. पडदा मी शिकवते."

व्यवस्था अशी होती. प्रत्येक मुलाला साखर मोजायचं एक छोटं यंत्र दिलेलं. बोट टोचायचं, थेंब पट्टीवर लावायचा. यंत्रात आलेला आकडा आपोआप मोबाइलमध्ये जायचा आणि मोबाइलमधून काकांच्या पडद्यावर. आकडा बरा असला की हिरवी रेघ, वर चढला की पिवळी, फारच चढला की लाल. पडद्यावर खरी नावं नव्हती. प्रत्येकानं आपल्याला हवं ते टोपणनाव आणि चित्र घ्यायचं.

काकांना पहिले दोन महिने हिरवी रेघ दिसली की छातीत धस्स व्हायचं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांची सवय. बाई हसायच्या. "अहो काका, हिरवं म्हणजे छान!" काका मान हलवायचे, पण मन मानायचं नाही. मग हळूहळू मानलं. पडद्याचं एक त्यांना फार आवडलं. खोटं लिहायची त्यात सोयच नव्हती. पूर्वी मुलं वहीत आकडे लिहून आणायची आणि निम्मे दवाखान्याच्या पायरीवर बसून रचलेले असायचे. आता यंत्र जे मोजेल तेच दिसणार. खाडाखोड नाही, शाई नाही.

"आता कुणी मला फसवून दाखवा," ते मुलांना म्हणायचे.

मुलंही खुश होती, कारण सोमवारची रांग संपली. पूर्वी दर सोमवारी सगळ्यांना यावं लागे आणि काका वही उघडण्याआधी हात मागायचे. त्यांनीच प्रत्येकाला शिकवलेलं, बोटाच्या टोकाला मधोमध टोचायचं नाही, तिथं जास्त दुखतं. कडेला टोचायचं. तर्जनी-अंगठा कामाला लागतात, म्हणून मधलं बोट आणि अनामिका. त्या कडांवर बारीक काळे ठिपके दिसले की काका समजायचे, पोर खरं बोलतंय.

पावशेर नावाचा एक काडीसारखा मुलगा होता. तो हात पुढे करून दर वेळी विचारायचा, "काका, माझं लग्न कधी?"

"आधी बोटं दाखव. रेषा मग बघू."

"मुलगी गोरी मिळेल का?"

"मिळेल, पण तुझी साखर बघून पळेल."

रांग हसायची. पडदा आल्यावर हे सगळं बंद झालं. पडद्यानं काही वाईट केलं असं मात्र म्हणता येणार नाही. त्याच पावशेरची साखर एका दुपारी भलतीच खाली गेली, तो आकडा न बघताच कारखान्यात यंत्रावर उभा राहिला होता, आणि काकांनी पडद्यावर पाहून फोन केला म्हणून तो हात कापून घेता घेता वाचला. त्या दिवशी काकांनी फडक्यानं पडदा पुसला, देवाची तसबीर पुसावी तसा.

अकरा जणांत एक मुलगी होती. एकोणीस वर्षांची, नकाशे काढायचं शिक्षण घेणारी. तिनं टोपणनाव घेतलं होतं गोगलगाय.

"असलं कसलं गं नाव?" काकांनी विचारलं होतं.

"घर पाठीवर घेऊन फिरते ना." तिनं पाठीवरची पिशवी दाखवली. सुई, पट्ट्या, बिस्किटं, पाण्याची बाटली, औषधाची थंड डबी. "आणि काका, उशिरा पोचते, पण पोचते."

बाप नव्हता. आई एका शर्टांच्या कारखान्याच्या मागच्या खोलीत बसून काजं-बटणं करायची. राहायचीही तिथंच. खोलीत एका बाजूला शर्टांचा ढीग, दुसऱ्या बाजूला गोगलगायीची तिरकी फळी आणि त्यावर टाचण्यांनी ताणलेला कागद. मायलेकी दोघीही दिवसभर वाकून बारीक काम करायच्या. आई दोऱ्यानं, लेक पेन्सिलीनं.

आदल्या वर्षी परीक्षेच्या तोंडावर गोगलगायीची रेघ सलग तीन दिवस लाल झाली. काकांनी बाईंना सांगितलं, बाईंनी तिला मोठ्या इस्पितळात भरती केलं, नऊ दिवस गेले आणि त्यांच्याबरोबर वर्षही गेलं. शिष्यवृत्तीत एकच वर्ष वाया गेलेलं चालत होतं. यंदा परीक्षा चुकली की नाव कमी होणार, हे तिनं काकांना खिडकीशी उभं राहून सांगितलं. मग जरा घुटमळून म्हणाली, "काका, लाल झालं की तुम्ही लगेच बाईंना सांगता?"

"सांगावंच लागतं."

"एखाद्या वेळी दोन दिवस उशिरा सांगितलंत तर?"

काकांना दारामागचा आवाज ऐकू आला. त्यांचा चेहरा असा काही झाला की मुलगी दोन पावलं मागं सरकली.

"मी एकदा कुणासाठी तरी रंग बदलून सांगितला होता," ते म्हणाले. "पुन्हा नाही. हे माझ्याकडे पुन्हा मागू नकोस."

तिनं पुन्हा मागितलं नाही.

परीक्षेला सात आठवडे असताना तिची रेघ हिरवी झाली. आज हिरवी, उद्या हिरवी, परवाही हिरवी. सकाळचा आकडा अठ्ठ्याऐंशी, ब्याण्णव, पंच्याण्णव. काकांना विश्वास बसेना आणि आनंद मावेना. अकरा जणांत असं कुणालाच जमलं नव्हतं. महिन्याच्या बैठकीत त्यांनी तो आलेख कागदावर काढून भिंतीला लावला आणि बाकीच्यांना सुनावलं, "बघा. गोगलगाय पुढं गेली, तुम्ही बसा ससे होऊन!"

गोगलगाय त्या बैठकीला आली नव्हती. अभ्यास आहे, असं आईनं कळवलं होतं.

काकांनीच बाईंना म्हटलं, "आकडे जरा जास्तच चांगले येताहेत. एखाद दिवशी साखर एकदम खाली जायची. औषध थोडं कमी करायचं का?" बाईंनी आलेख पाहिला, विचार केला आणि मात्रा कमी केली. पंधरा दिवसांनी आणखी कमी केली. खिडकीतून मिळणाऱ्या औषधाच्या कुप्याही तेवढ्याच कमी झाल्या. काकांनी स्वतःच्या हातानं मोजून दिल्या.

परीक्षेच्या आठवड्यातल्या सोमवारी आई कुप्या न्यायला आली. ती थकलेली दिसत होती. काकांनी विचारलं, "कशी आहे आमची गोगलगाय?"

"बरी आहे. पाणी फार पिते. उकाडा आहे ना."

"झोप?"

"कसली झोप? फळीवरच डोकं टेकते."

"परीक्षा झाली की तिला माझ्याकडून बक्षीस आहे म्हणावं."

 कुप्या घेताना आईनं डावा हात खिडकीतून आत केला. काकांना बोटांवर काळे ठिपके दिसले. दिसले म्हणजे अगदी नीट दिसले. त्यांच्या मनात आलं, बिचारी, सुया टोचून टोचून बोटांची चाळणी झाली. त्यांनी तिच्या पिशवीत मलमाची एक नळी फुकट टाकली. आई खिडकीशी क्षणभर उभी राहिली, काहीतरी विसरल्यासारखी. मागून कुणीतरी "अहो, सरका की!" म्हणालं आणि ती गेली.

गुरुवारी सकाळी काका कामावर निघताना शर्टाचं बटण तुटलं. बायको गेल्यापासून बटणं तेच लावायचे. चष्मा कपाळावर, दोरा तोंडात, सुई हातात. घाईत सुई बटणाच्या भोकातून सुटली आणि डाव्या तर्जनीच्या टोकाला मधोमध घुसली. रक्ताचा थेंब आला. काका त्या थेंबाकडे बघत राहिले.

सुई तर्जनीला लागते. टोकाला. मधोमध.

ठिपके मधल्या बोटाला होते, आणि अनामिकेला. कडेला. जिथं टोचायला त्यांनीच शिकवलं होतं.

बटण तसंच लोंबत राहिलं. सायकलवर टांग टाकताना त्यांनी फोन लावला. तीनदा लावला. बंद. शर्टांच्या कारखान्यामागच्या खोलीला कुलूप होतं. शेजारची इस्त्रीवाली म्हणाली, "मायलेकी दोघी सकाळीच गेल्या की परीक्षेला. पोरीला धरून धरून नेत होती. काय झालं हो?"

नकाशाच्या संस्थेच्या फाटकापाशी आई भिंतीच्या सावलीत बसलेली होती. काकांना पाहताच ती उठून उभी राहिली आणि काहीही विचारायच्या आत तिनं डावा हात पदरात लपवला. तेव्हा काकांना विचारायचं काही उरलंच नाही.

पहारेकरी आडवा आला. "परीक्षा चालू आहे. कुणाला आत सोडायचं नाही."

"पोरगी आजारी आहे."

"सगळ्याच पोरी परीक्षेच्या दिवशी आजारी असतात, काका. फोनपण इथंच पेटीत ठेवलेत बघा सगळ्यांचे. अर्धा तास थांबा."

एकसष्टीच्या उंबरठ्यावरचा, लोंबत्या बटणाचा तो माणूस पहारेकऱ्याच्या काखेखालून आत घुसला. मागं शिट्ट्या वाजल्या. कॉरिडॉरमध्ये चौथी खोली. रांगेनं तिरक्या फळ्या. शेवटून दुसऱ्या फळीवर गोगलगायीनं गाल टेकलेला होता, हातात पेन्सिल होती, आणि सगळ्यांना वाटत होतं ती रेघ सरळ आली का ते बघतेय. काका खाली वाकले. तो वास आला. सडक्या फळासारखा, गोड. पंचेचाळीस वर्षांत त्यात काडीचा फरक पडला नव्हता.

तिला मोठ्या इस्पितळात नेलं. दोन दिवस तिथल्या लोकांनी जिवाचं रान केलं. शनिवारी दुपारी ती गेली.

हळूहळू कळलं ते असं. सात आठवड्यांपूर्वी तिच्या बोटातला थेंब नकाशाच्या कागदावर पडला, तीन आठवड्यांचं काम डागाळलं आणि ती रडली. त्याच दिवशी रेघही पिवळ्यावरून लालकडे सरकत होती. आई म्हणाली, "परीक्षेपर्यंत माझं बोट घे. तुला टोचायला नको आणि बोलावणंही यायला नको." यंत्राला काय, रक्त कुणाचं ते कळत नाही. सुया मात्र लेक रोज घेत होती, जुन्या मात्रेनं. आईनं त्यात एका दिवसाचाही खाडा होऊ दिला नव्हता. मग दवाखान्यातून कुप्या कमी मिळू लागल्या. जास्त मागायच्या तर का ते सांगावं लागलं असतं. म्हणून दोघींनी असलेलं औषध पुरवून पुरवून वापरलं. थोडेच दिवस राहिले होते. शेवटचा पेपर शुक्रवारी होता.

आठ-दहा दिवसांनी काका शर्टांच्या कारखान्यामागच्या खोलीत गेले. बाईंनी अडवलं होतं. "तुम्ही कशाला जाता? यंत्रानं जे दाखवलं ते आपण पाहिलं. आपली चूक कुठंय?" तरी काकांनी सायकल काढली.

तिरकी फळी भिंतीला तोंड करून ठेवलेली होती. आई जमिनीवर बसून बटणं लावत होती. तिनं काकांना स्टूल दिलं आणि काम चालू ठेवलं.

"सगळे येऊन सांगतात, तुझी चूक नाही," ती म्हणाली. "मला ऐकवत नाही. कुणाची ते मला माहीत आहे. तुम्हीही तेच सांगायला आला असाल तर नको, काका."

"तसं सांगायला नाही आलो."

"मग?"

काकांना कळेना सुरुवात कुठून करावी. पंचेचाळीस वर्षं त्यांनी तोंडाला कुलूप लावलेलं होतं आणि आता किल्ली सापडत नव्हती. शेवटी ते एकदम म्हणाले, "सोमवारी तुमची बोटं मी पाहिली होती."

सुई थांबली.

"डावा हात. मधलं बोट आणि अनामिका. कडेला. मी पाहिले ठिपके."

"मग?"

"मला वाटलं, सुई लागली असेल. शिवणकामाची."

आईनं हातातली सुई उजेडात धरली. मग स्वतःची बोटं बघितली. ठिपके आता पुसट झाले होते.

"मला सुई लागत नाही, काका," ती म्हणाली. "बावीस वर्षं हे करते. मला कधीच लागत नाही."

बाहेर कारखान्यातली यंत्रं घरघरत होती. काका म्हणाले, "औषध कमी करा, हेही बाईंना मीच सुचवलं. आणि ते नसतं तरी, मी रोज हात बघणारा माणूस. पडदा आला तसा बघायचा थांबलो. तेव्हा यातलं अर्धं माझं आहे. ते मला घेऊ द्या."

"अर्धं होत नाही हो असल्याचं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि ते काकांना जास्त लागलं. "पण एक सांगते. त्या सोमवारी मी खिडकीशी उभी राहिले होते. तुम्ही हाताकडे बघितलंत, ते मी बघितलं. मला वाटलं, आता विचारतील. विचारलं असतंत तर मी तिथंच सगळं ओकले असते. मी वाटच बघत होते कुणीतरी विचारायची. तुम्ही मलम दिलंत."

काकांनी भावाचं सांगायचं ठरवलं होतं. ती तीन निळी तिच्यासमोर ठेवायची होती. पण आता ते सांगणं म्हणजे तिच्याकडून काहीतरी मागणं झालं असतं, आणि तिच्याकडे द्यायला काही उरलं नव्हतं.  तिनं कोपऱ्यातून गोगलगायीची पिशवी ओढली, यंत्राची डबी काढली आणि काकांच्या मांडीवर ठेवली.

"यात चौदा पट्ट्या आहेत. कुणाला तरी होतील." मग त्यांच्या शर्टाकडे पाहून म्हणाली, "ते बटण आणा इकडं."

बटण लोंबता लोंबता कधीच पडून गेलं होतं. काकांनी मान हलवली. तिनं आपल्या डब्यातलं एक काढलं, त्यांना तसंच बसवून अंगातल्या शर्टालाच लावलं, दोरा दातानं तोडला आणि पुन्हा ढिगाकडे वळली. काका बराच वेळ स्टुलावर बसून होते. 

पुढच्या सोमवारी दहा मुलांना दवाखान्यात बोलावणं गेलं. सगळी कुरकुरत आली. एकाची रजा बुडाली होती, दुसऱ्याचा वर्ग. पडद्यावर दहा रेघा होत्या, बहुतेक हिरव्या. अकरावी पडद्यावरून काढायची कशी ते काकांना माहीत नव्हतं आणि बाईंना त्यांनी विचारलं नव्हतं. तिथं पाठीवर घर घेतलेलं चित्र होतं आणि शेजारी बुधवारचा ब्याण्णव.

काकांनी पडद्यावर फडकं टाकलं आणि खिडकीतून हात बाहेर काढला.

पावशेर पहिला होता. त्यानं लग्नाचं विचारलं नाही. दोन्ही हात पुढे केले, आणि काकांनी चष्मा पुसून त्याची दहाही बोटं एकेक करून, उजेडाकडे वळवून, सावकाश पाहिली.